गर्भात मिळालेले हार्मोन आणि तिशीतले फॅटी लिव्हर: आईच्या जुन्या फाइलमधून काय कळते?

तुम्ही कळवलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वय ३०, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ निघाले. रक्तात यकृताची विकरे (एन्झाइम) एएलटी ५८ व एएसटी ३६, प्लेटलेट २ लाख ७० हजार. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. तुमच्या आईंच्या जुन्या फाइलप्रमाणे तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव झाल्यामुळे त्यांना ‘गर्भ टिकण्याच्या’ गोळ्या व इंजेक्शने दिली गेली, आठव्या महिन्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली गेली आणि ३४व्या आठवड्यात तुमचा जन्म झाला, तेव्हा वजन १.९ किलो होते. गर्भात मिळालेल्या हार्मोनचा लिव्हरवर जन्मभर परिणाम राहतो असे तुमच्या वाचनात आले, ते आईंच्याही कानावर गेले आणि त्या आता स्वतःला दोष देत आहेत. तुम्हाला स्वतःला पुढील वर्षी मूल हवे आहे, आणि तशी वेळ आली तर ही इंजेक्शने घ्यावीत की नाही, हेही तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नाच्या पोटात खरे तर दोन प्रश्न आहेत. गर्भातील हार्मोनचे वातावरण यकृताची पुढची चाल बदलू शकते का, हा एक; आणि तुमच्या बाबतीत तसेच घडले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय, बदलू शकते’ असे आहे आणि त्याला प्राण्यांमधील भक्कम पुरावा आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही एका व्यक्तीच्या बाबतीत खात्रीने देता येत नाही, कारण तिशीतल्या यकृतातील चरबीपैकी किती गर्भातून आली आणि किती पुढच्या तीस वर्षांत साचली, हे सांगणारी तपासणीच नाही. तरीही तुमच्या माहितीवरून कशावर अधिक संशय घ्यावा आणि कशावर कमी, एवढे निश्चित सांगता येते. फाइलमधल्या इंजेक्शनांवर माझा संशय सर्वांत कमी आहे.

गर्भातील बदलांचा परिणाम यकृतावरच एवढा का होतो, हे आधी पाहू. वारेकडून येणारे रक्त नाळेतील शिरेवाटे थेट बाळाच्या यकृतापाशी पोहोचते. त्यातील काही भाग ‘डक्टस व्हिनोसस’ नावाच्या आडवाटेने परस्पर हृदयाकडे जातो, पण गर्भारपणाच्या उत्तरार्धात बहुतांश रक्त यकृतातून फिरूनच पुढे जाते. म्हणजे आईच्या रक्तातून वार ओलांडून आलेली साखर, औषधे आणि हार्मोन यांची पहिली गाठ बाळाच्या यकृताशी पडते. त्या काळात यकृताची कामेही वेगळी असतात. गर्भारपणाच्या मधल्या काळात ते प्रामुख्याने रक्तपेशी तयार करते. साखर तयार करण्याचे त्याचे काम जवळपास बंद असते, कारण आईकडून ग्लुकोज अखंड मिळत असते. शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड हार्मोन, वाढू लागते, यकृतात ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा भरतो, आणि जन्मानंतर पीईपीसीकेसारखी साखर तयार करणारी विकरे कामाला लागतात. हार्मोन हे यकृतासाठी वेळ सांगणारे संकेत असतात. असा संकेत अवेळी किंवा गरजेपेक्षा जोराने मिळाला, तर काही जनुकांच्या भोवतीच्या रासायनिक खुणा बदलतात आणि त्या पेशी विभागल्या तरी टिकून राहतात. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की, गाभण उंदरांना प्रथिने कमी दिली तर पिल्लांच्या यकृतातील मेद जाळण्याशी संबंधित जनुकावरच्या अशा खुणा बदलतात, आणि त्याच आहारात फोलिक अ‍ॅसिड वाढवले तर तो बदल टळतो. जनुक तेच राहते, ते किती वापरले जाईल हे मात्र बदलते.

हा परिणाम कायमचा असू शकतो याचा सर्वांत स्वच्छ दाखला जुना आहे. नर आणि मादी उंदरांची यकृते स्टेरॉइड आणि औषधे यांची विल्हेवाट वेगवेगळ्या विकरांनी लावतात. १९७०च्या दशकात स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हा फरक जन्माच्या सुमारास मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनने ठरतो, आणि तोही थेट यकृतात न ठरता मेंदूमार्फत ठरतो. त्या काळात टेस्टोस्टेरॉन मिळाले तर मोठेपणी वाढीचे हार्मोन ठरावीक वेळाने येणाऱ्या नळाच्या पाण्यासारखे झटक्याझटक्याने सुटते. न मिळाले तर बारीक धारेसारखे जवळजवळ सतत पाझरत राहते. यकृत ही लय ओळखते आणि तिच्याप्रमाणे आपली विकरे ठेवते. जन्मानंतर टेस्टोस्टेरॉन काढून घेतलेला नर मोठेपणी बऱ्याच अंशी मादीसारखे यकृत घेऊन वावरतो. माणसात स्त्री-पुरुषांच्या यकृतातील फरक याहून पुष्कळ कमी आहेत, म्हणून उंदरांची गोष्ट जशीच्या तशी आपल्याला लावणे चुकीचे होईल. परंतु जन्माच्या आसपासचे काही दिवस पुढची कित्येक वर्षे ठरवू शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आता एकेक हार्मोन घेऊ, कारण ‘हार्मोन’ हा एकच शब्द वापरल्यामुळेच तुमच्या घरात गोंधळ झाला आहे.

पहिली पुरुषी संप्रेरके, म्हणजे अ‍ॅन्ड्रोजेन. तुमच्यासाठी हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी फाइलमध्ये त्याचा उल्लेख नसला तरी. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा असतो. अमेरिकेतील मिशिगनमध्ये तिसाव्या ते नव्वदाव्या दिवसांदरम्यान गाभण मेंढ्यांना टेस्टोस्टेरॉन देण्यात आले, तेव्हा त्यांच्या माद्या मोठेपणी पीसीओएससारखी (बीजकोषांचा व हार्मोनचा असा बिघाड, ज्यात पाळी लांबते आणि पुरुषी संप्रेरके वाढतात) लक्षणे दाखवू लागल्या: ऋतुचक्र बिघडले, इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली आणि यकृतात चरबी साठू लागली. एडिंबरोमधील गटाने २०११ मध्ये अशाच मेंढ्यांच्या यकृतात तारुण्यातच चरबी पाहिली, आणि विशेष म्हणजे त्या मेंढ्या लठ्ठ नव्हत्या. ‘माझे वजन तर बेताचे आहे, मग लिव्हरमध्ये चरबी कशी?’ हा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज कोणीतरी विचारते, आणि त्या वेळी मला या मेंढ्या आठवतात.

माणसात मात्र मधे एक राखणदार असतो. वारेतील अ‍ॅरोमॅटेज हे विकर आईकडून येणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. त्यामुळे आईच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन थोडे वाढलेले असले तरी ते बाळापर्यंत पोहोचतेच असे नाही; पीसीओएस असलेल्या मातांच्या बाळांची नाळेच्या रक्तातील मापेही वेगवेगळ्या अभ्यासांत एकसारखी आलेली नाहीत. दुसरीकडे, स्वीडनमधील नोंदींवरून २०१९ मध्ये असे दिसले की पीसीओएस असलेल्या आईच्या मुलीला पीसीओएस होण्याची शक्यता सुमारे पाचपट असते. यात जनुकांचा वाटा किती आणि गर्भातील वातावरणाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. म्हणून तुमच्या आईंना कोणती इंजेक्शने दिली होती, यापेक्षा त्यांची पाळी तरुणपणी नियमित होती का, चेहऱ्यावर लव वाढली होती का, दिवस राहायला वेळ लागला होता का आणि गर्भारपणात साखर तपासली होती का, हे मला आधी कळायला हवे. ही माहिती फाइलमध्ये नसते. शेजारी बसून विचारावी लागते.

दुसरे प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे हार्मोन, आणि त्याचे भाऊबंद (प्रोजेस्टिन ही त्याच्यासारखी कृत्रिम औषधे). नव्वदच्या दशकातील फाइलींमध्ये बहुधा ‘गर्भ टिकण्यासाठी इंजेक्शन’ एवढेच लिहिलेले असते, औषधाचे नाव नसते. त्या काळी आपल्याकडे हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची इंजेक्शने आणि अ‍ॅलिलएस्ट्रेनॉलच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. १९५०-६०च्या सुमारास वापरात असलेल्या, टेस्टोस्टेरॉनशी नाते सांगणाऱ्या काही प्रोजेस्टिनांमुळे मुलींच्या बाह्य जननेंद्रियांत पुरुषी बदल झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, त्यामुळे शंका घेणे निराधार नव्हते. पण नंतर वापरात आलेल्या औषधांत तो गुण फारच कमी होता. शिवाय प्रमाणाचे भान ठेवायला हवे: गर्भारपणाच्या शेवटी वार स्वतःच दिवसाला सुमारे २५० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करत असते. बाळ त्या हार्मोनात नऊ महिने बुडालेलेच असते. तिसऱ्या महिन्यातल्या काही इंजेक्शनांनी तीस वर्षांनंतर यकृतात चरबी साचली, असे म्हणण्यासारखा पुरावा नाही. ती इंजेक्शने उपयोगी किती होती, हा प्रश्न मात्र वेगळा. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनने अकाली प्रसूती टळत नाही, असे ठरल्यामुळे अमेरिकेत २०२३ मध्ये त्याची त्या कारणासाठीची मान्यता काढून घेण्यात आली.

तिसरे स्टेरॉइड. येथे थोडे थांबायला हवे, कारण तुमचा पुढचा निर्णय यावर अवलंबून आहे. आईच्या कॉर्टिसॉलपासून बाळाला वाचवण्यासाठी वारेत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचे विकर असते. ते कॉर्टिसॉल निष्क्रिय करून टाकते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही इंजेक्शनातली स्टेरॉइडे मात्र या विकराला फारशी दाद देत नाहीत आणि बाळापर्यंत पोहोचतात. म्हणूनच तर ती फुप्फुसे तयार करण्यासाठी दिली जातात. एडिंबरोमध्ये १९९८ साली गाभण उंदरांना शेवटच्या आठवड्यात डेक्सामेथासोन देऊन पाहिले, तेव्हा पिल्लांच्या यकृतातील पीईपीसीके मोठेपणीही वाढलेलेच राहिले आणि त्यांना साखर पेलवेनाशी झाली. तुमच्या वाचनात आलेला मजकूर बहुधा अशा प्रयोगांवर आधारलेला असावा.

आता माणसांचे पाहा. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हाउवी यांनी १९७२ मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात काही मातांना बीटामेथासोन आणि काहींना तुलनेसाठी दुसरे, नाममात्र परिणामाचे इंजेक्शन चिठ्ठी टाकावी तसे वाटून दिले होते. या चाचणीचे मोल असे की, ती बाळे पुढे मोठी झाल्यावर पुन्हा तपासली गेली. तिशीत दोन्ही गटांत वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांत फरक नव्हता. साखर पाजल्यावर अर्ध्या तासाने स्टेरॉइड मिळालेल्यांचे इन्सुलिन थोडे जास्त चढत होते, एवढाच काय तो मागमूस राहिला होता. पन्नाशीलाही हृदयविकाराचा धोका वाढल्याचे दिसले नाही. उंदराचा शेवटचा आठवडा म्हणजे त्याच्या गर्भकाळाचा तिसरा हिस्सा असतो आणि औषध त्या काळात रोज दिले गेले होते. माणसात ते एक-दोन दिवसांत संपते. प्रयोग वाचताना मात्रा आणि दिवस हे दोन आकडे आधी शोधावेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते.

चौथे हार्मोन म्हणजे बाळाचे स्वतःचे इन्सुलिन, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. आईचे इन्सुलिन वार ओलांडत नाही, पण आईची साखर ओलांडते. ती वाढलेली असेल तर बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते, आणि त्या इन्सुलिनच्या जोरावर बाळाच्या अंगात व यकृतात चरबी साठते. डेन्मार्कच्या योर्गेन पेडरसन यांनी मांडलेला हा विचार आज सर्वमान्य आहे. आपल्या लोकांना याची एक वेगळी बाजू आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा जो अभ्यास केला, त्यात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. इतकी लहान असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. घटले होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्यांचा पाठपुरावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही तिशीच्या सुमारास ज्यांना साखरेचा त्रास दिसला ते लहानपणी बारीक होते आणि नंतर, बालपणापासून, त्यांचे वजन सतत चढत गेले होते. लठ्ठ बाळे पुढे आजारी पडतात, ही आपली समजूत दिल्लीच्या आकड्यांनी उलटी केली.

येथपर्यंतचे तुमच्यापुरते थोडक्यात सांगायचे तर: प्रोजेस्टेरॉनवर संशय जवळजवळ नाही, स्टेरॉइडवर नाममात्र आहे, अकाली आणि कमी वजनाने झालेला जन्म व त्यानंतर भरून आलेले वजन यांवर बराच आहे, आणि लांबणाऱ्या पाळीमुळे पीसीओएसचा संशय सर्वांत जास्त आहे. आईंना रक्तस्राव झाला आणि कळा लवकर आल्या, तो त्यांचा आजार होता. त्यावर त्या काळी जे उपचार उपलब्ध होते ते त्यांनी घेतले. त्यांतील स्टेरॉइडचा तुम्हाला फायदाच झाला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना हे वाचून दाखवा. आणि त्यांचा स्वतःचा रक्तदाब व साखर कधी तपासली होती तेही विचारा, कारण अकाली प्रसूती झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळते.

आता तुमच्या रिपोर्टकडे वळते. एएलटी ५८ समोर लॅबने कदाचित ‘४५ पर्यंत’ अशी मर्यादा छापली असेल आणि ‘थोडेसेच वाढले आहे’ असे तुम्हाला सांगितले गेले असेल. स्त्रियांसाठी मी २५ ही वरची मर्यादा धरते, त्यामुळे तुमचे एएलटी दुपटीहून अधिक आहे. पण वाढलेले एएलटी यकृत कडक झाले आहे की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी फिब-४ हा साधा हिशेब करून पाहावा: वयाला एएसटीने गुणायचे, म्हणजे ३० गुणिले ३६, १०८०, प्लेटलेट हजारांत घेऊन, म्हणजे २७०, त्याला एएलटीच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ७.६ ने गुणायचे, ते २०५०च्या आसपास येते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की सुमारे ०.५३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर कडकपणा असण्याची शक्यता कमी असते. पस्तिशीच्या आत हा हिशेब तितका भरवशाचा नसतो, म्हणून तुमच्या बाबतीत एकदा फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी) करावा असे माझे मत आहे. सोनोग्राफीला चरबी दिसते तीच मुळात बऱ्यापैकी साठल्यावर. पेशींपैकी ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी असली की वैद्यकीय व्याख्येने फॅटी लिव्हर म्हणतात, पण सोनोग्राफीला ती २०-३० टक्क्यांच्या पुढेच नीट उमगते. त्यामुळे ‘ग्रेड १’ या शब्दावर निश्चिंत होऊ नये.

वजन ‘बेताचे’ असल्याचे तुम्ही लिहिले आहे. तुमचा बीएमआय २४.१ येतो. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन धरतात, आणि २५ पासून लठ्ठपणा. त्याहून महत्त्वाचा आकडा कमरेचा, आणि तो तुम्ही दिलेला नाही. सलवारीची नाडी किंवा जीन्सचा पट्टा जिथे बसतो तिथे टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजनकाटा काही म्हणो, पोटातील चरबी जास्त आहे असे मी समजते.

पाळीसाठी टेस्टोस्टेरॉनसोबत एसएचबीजी अवश्य करून घ्या. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवते. इन्सुलिन वाढले आणि यकृतात चरबी साठली की एसएचबीजी कमी होते, मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते, ते पुन्हा चरबी आणि इन्सुलिन यांचे गणित बिघडवते. गर्भात सुरुवात कशीही झाली असली तरी आज हे चक्र तुमच्या शरीरात चालू आहे की नाही, हे एका नमुन्यातून कळते, आणि चक्र चालू असेल तर ते कोठूनही तोडता येते. सोबत थायरॉइडसाठी टीएसएच, उपाशीपोटी आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची साखर, ट्रायग्लिसराइड व एचडीएल, हिपॅटायटिस बी आणि सी करावेत. एएलटी वाढलेले असण्याचे कारण चरबीच आहे असे गृहीत धरण्याआधी, तुमच्या वयात विल्सन आजारासाठी (यात यकृतात तांबे साठते) सेरुलोप्लाझ्मिन हे रक्तातील प्रथिनही मी एकदा पाहते.

दारूबद्दल तुम्ही ‘नाही’ लिहिले आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आमच्या बडोद्यात हा प्रश्न विचारला की निम्मे रुग्ण बरोबरच्या नातेवाइकाकडे पाहतात, म्हणून इतर वाचकांसाठी सांगून ठेवते: डॉक्टरांना दारूच्या परमिटशी देणेघेणे नसते, खरा आकडा सांगावा.

उपचारांत जन्मकथेने माझा एकच निर्णय बदलतो, तो म्हणजे मी किती लवकर हालचाल करते. कमी वजनाने जन्मलेल्या, पाळी लांबणाऱ्या तीस वर्षांच्या मुलीला मी ‘वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करा’ असे सांगून घरी पाठवत नाही. उपचार मात्र इतरांसारखेच असतात. २००५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या अभ्यासात फॅटी लिव्हरमधील चरबी कुठून येते हे मोजले गेले: सुमारे ६० टक्के अंगावरच्या चरबीतून सुटलेल्या मेदाम्लांपासून, सुमारे २५ टक्के यकृताने साखर व पिठापासून स्वतः बनवलेली, आणि जेवणातल्या तुपातेलातून जेमतेम १५ टक्के. सामान्य माणसाच्या यकृताने स्वतः बनवलेल्या चरबीचा वाटा याहून खूप कमी असतो. म्हणून नुसते तूप बंद करून काही साधत नाही. आपल्या बडोद्यात आमटीत गूळ, भाजीत साखर, वर जेवणानंतर काहीतरी गोड आणि मधल्या वेळी सरबत अशी साखर दिवसभर पोटात जाते, आणि ती मोजली जात नाही. आधी ही साखर काढा, विशेषतः पिण्यातली. सेवउसळ खायची तर वाटाणा अधिक, पाव एक आणि शेव चिमूटभर असा हिशेब ठेवा. कमाटीबाग या इथल्या उद्यानात सकाळी चालायला येणारे माझे कित्येक रुग्ण दाराबाहेरच्या लारीवर (हातगाडीवर) सगळे भरून काढतात. चालण्यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवाच, कारण लहान जन्मलेल्यांकडे मुळात स्नायू कमी असतात आणि साखर रिचवण्याची जागा तीच. नवरात्राचे नऊ दिवस गरबा खेळून वर्षाचा व्यायाम होत नाही, एवढेच नम्रपणे सांगते.

तुमच्या वजनाला ३ ते ४ किलो घट पुरेशी आहे. एवढ्याने यकृतातील चरबी लक्षणीय कमी होते आणि बऱ्याच जणींची पाळीही मार्गावर येते. औषधांबाबत सावध राहा, कारण तुम्हाला मूल हवे आहे. मेटफॉर्मिन पाळीसाठी आणि साखरेसाठी उपयोगी पडते, यकृतातील चरबी त्याने फारशी हटत नाही. सारोग्लिटाझार या औषधाला भारतात २०२० मध्ये फॅटी लिव्हरसाठी मान्यता मिळाली, पण दिवस राहण्याची तयारी असताना मी ते सुरू करत नाही. सेमाग्लूटाइड हे वजन घटवणारे औषध कोणी सुचवले तर गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते बंद करावे लागते, हे आधीच हिशेबात धरा. लिव्हर ‘साफ’ करणाऱ्या चूर्णांपासून आणि काढ्यांपासून दूर राहा. त्यांनी बिघडलेली लिव्हरे मी नियमित पाहते.

आता पुढच्या गर्भारपणाविषयी. लवकर प्रसूती होण्याची चिन्हे दिसली आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडची इंजेक्शने सांगितली, तर नाही म्हणू नका. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, असे चार वेळा देतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत या इंजेक्शनांनी नवजात मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. जिवंत राहिलेल्या बाळाच्या यकृताची काळजी नंतर घेता येते. विचारायचे ते एवढेच की प्रसूती खरोखर आठवड्याभरात होण्याची शक्यता आहे का, कारण ‘असू द्या खबरदारी म्हणून’ पुन्हा पुन्हा दिले जाणारे कोर्स मला मान्य नाहीत. प्रोजेस्टेरॉनबाबत २०१९ची ब्रिटनमधील मोठी चाचणी पाहता, सुरुवातीला रक्तस्राव होणाऱ्या आणि आधी गर्भपात झालेल्या स्त्रियांना त्याचा उपयोग दिसतो. बाकीच्यांना सरसकट देण्याचे कारण नाही.

घरगुती औषधांतले एक लक्षात ठेवा. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे वारेतील ११-बीटा-एचएसडी-२ या विकरालाच अडवते, म्हणजे आईचे कॉर्टिसॉल बाळापर्यंत जाण्याची वाट मोकळी होते. खोकल्यासाठी एखाद्या वेळी कांडी चघळली म्हणून घाबरू नका, पण गर्भारपणात रोजचा ज्येष्ठमधाचा काढा नको.

आणि साखर. गर्भारपणातली साखर ही बाळाच्या यकृतावर परिणाम करणारी आणि तरीही बऱ्याच अंशी आपल्या हातात असलेली गोष्ट आहे, म्हणून इंजेक्शनांची चिंता करण्यात जाणारी शक्ती इकडे वळवा. दिवस राहण्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर पाहा, बी-१२ पाहा, कारण पुण्याच्या अभ्यासात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा रोध अधिक दिसला होता. शाकाहारी असाल तर हे विशेष पाहा. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासतात. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. ती १४० किंवा त्याहून अधिक आली तर गर्भारपणातील मधुमेह धरून लगेच आहार सुरू करतात, आणि कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान हीच तपासणी पुन्हा करून घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ही दुसरी तपासणी राहून जाते. तेव्हा तारीख स्वतः लिहून ठेवा आणि आठवण करून द्या.